क्रोनोग्राफवरचा आकडा किती खरा? पेंटबॉल मैदान चालवणाऱ्या एका भावाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्हाळ्याच्या रस्त्याला पेंटबॉलचं छोटं मैदान, दहा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुका, सगळे सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड वायूवर) चालणारे. सकाळी आठला बॅरलच्या तोंडाला अडकवायच्या क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग दाखवणाऱ्या मशीनवर, एक मार्कर २८२ एफपीएसला (सेकंदाला २८२ फुटांना) लावला. लगेच तोच मार्कर हातातल्या रडार क्रोनोवर घेतला, तर २६८. मोबाइलवरचं आवाज ऐकणारं ॲप म्हणतं २५५. दुपारी अडीचला बॅरलवरच्या मशीनवर पुन्हा बघितलं, तर ३०१. त्याच्या तासभर आधी एका कॉलेजच्या पोराच्या दंडावर रक्त साकळलं होतं. विचारलंय असं, की यातलं खरं मशीन कोणतं आणि फेकायचं कोणतं?

कोणतंच फेकू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला तरी तिन्ही मशिनं बऱ्यापैकी शाबूत दिसतात. मशीन खरं की खोटं यात तुमची अडचण नाही. प्रत्येक मशीन वेगळ्या जागी, वेगळ्या पद्धतीनं, वेगळीच गोष्ट मोजतंय आणि तुम्ही तिन्हींच्या उत्तराला एकच नाव देताय. शिवाय सकाळपासून दुपारपर्यंत मार्करच बदललाय.

मी चौदा वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात एअरगन आणि मार्करची दुरुस्ती करतो. एक मात्र आधीच सांगतो. तुमचे मार्कर मी उघडून बघितलेले नाहीत. वायूचा दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर आहे की टाकीतला दाब थेट आत जातो, क्रोनोग्राफच्या दोन सेन्सरमध्ये अंतर किती, मोजताना सावली होती की ऊन, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. जिथे अंदाज करतोय तिथे तसं म्हणेन.

आधी एक गैरसमज काढू या. क्रोनोग्राफ वेग मोजत नाही, वेळ मोजतो. बॅरलवरच्या नळीत दोन जागी इन्फ्रारेड एलईडी असतात आणि समोर त्यांचा उजेड ओळखणारे सेन्सर. गोळीनं पहिला उजेड अडवला की घड्याळ सुरू, दुसरा अडवला की बंद. मधलं अंतर भागिले वेळ, एवढाच हिशोब. २८२ एफपीएस म्हणजे सेकंदाला साधारण ८६ मीटर. सेन्सर १०० मिलीमीटरवर असतील तर गोळी तेवढं अंतर १.१६ मिलीसेकंदात पार करते.

लोकांना वाटतं एवढा बारीक वेळ मोजण्यातच चूक होत असणार. तिथे ती सहसा होत नाही. १६ मेगाहर्ट्झच्या साध्या क्रिस्टलचे तेवढ्या वेळात साडेअठरा हजार ठोके पडतात. चूक होते अंतरात आणि 'गोळी आली' हे ठरवण्यात. गोळी १७.३ मिलीमीटर जाडीची आहे. पहिला सेन्सर ती दोन मिलीमीटर आत आल्यावर जागा झाला आणि दुसरा तीन मिलीमीटर आत आल्यावर, तर १०० चं अंतर प्रत्यक्षात १०१ झालं. म्हणजे एक टक्का, जवळजवळ तीन एफपीएस. सेन्सरवर रंगाचा पातळ थर बसलेला असेल तर नेमकं हेच होतं, म्हणून मी दर वेळी आधी काच पुसतो, मग आकडा बघतो.

रडारचं काम वेगळं. ते गोळीवर लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली ते बघतं. साडेदहा गिगाहर्ट्झचं रडार असेल तर २८० एफपीएसच्या गोळीमुळे जवळजवळ ६,००० हर्ट्झचा फरक पडतो, आणि त्यावरून वेग काढला जातो. इथे सेन्सरमधल्या अंतराची भानगड नाही, काचेवरच्या रंगाचीही नाही. पण रडारला गोळी बॅरलच्या तोंडाशी दिसत नाही, थोडी पुढे गेल्यावर दिसते. आणि रडारला फक्त स्वतःच्या दिशेतला वेग कळतो.

आता तुमचे २८२ आणि २६८ शेजारी ठेवा. पेंटबॉल म्हणजे तीन ग्रॅमची गुळगुळीत गोल गोळी. हवा तिला फार लवकर अडवते. तोंडातून सुटल्यावर पहिल्या मीटरमध्येच ती साधारण सहा एफपीएस गमावते. रडारनं तिला दीड मीटरवर पकडलं असेल तर नऊ तिथेच गेले. तुम्ही रडार हातात धरून मार्करच्या बाजूला उभे होता असं लिहिलंय. गोळीच्या रेषेशी दहा अंशांचा कोन झाला तर दीड टक्का आणखी कमी, म्हणजे चार. नऊ आणि चार तेरा. तुमचा फरक आहे चौदा.

ॲपचा हिशोबही असाच जुळतो. ते मार्करचा आवाज आणि पत्र्यावर आपटल्याचा आवाज यांच्यामधला वेळ घेतं, त्यातून आवाज परत यायला लागलेला वेळ वजा करतं. दहा मीटरवर आवाजाला परत यायला साधारण २९ मिलीसेकंद लागतात, आणि हवेच्या तापमानानुसार त्यात थोडा फरक पडतो. पण महत्त्वाचं हे, की त्यातून दहा मीटरच्या सगळ्या प्रवासाची सरासरी येते, तोंडावरचा वेग नाही. ती सरासरी तोंडावरच्या वेगापेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी कमीच यायला हवी. २८२ मधून साडेनऊ टक्के वजा करा, २५५ येतात.

तेव्हा तिन्ही मशिनं एकमेकांना दुजोराच देताहेत. हे कळायला मलाही सुरुवातीला फार वेळ लागला होता.

कोनाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण जीवाला धोका तिथे आहे. रडार तिरकं धरलं की आकडा कमी येतो. बॅरलवरची नळी वाकडी बसली आणि गोळी सेन्सरमधून तिरकी गेली, तर तिला अंतर जास्त कापावं लागतं, वेळ जास्त लागतो, आकडा पुन्हा कमीच येतो. पाच अंशांना एक एफपीएस, दहा अंशांना चार. मोजायला लांब उभं राहिलं तरी कमी. म्हणजे माणसाच्या हातून होणाऱ्या या सगळ्या चुका एकाच बाजूला झुकतात: मार्कर आहे त्यापेक्षा मवाळ दिसतो. म्हणून दोन मशिनांत फरक आला आणि कारण सापडत नसेल, तर मी कायम मोठा आकडा खरा धरतो. सरासरी काढत नाही. सरासरी काढून कुणाच्या दंडावरचा मार कमी होत नाही.

मशीनमधली चूक मात्र कोणत्याही बाजूला जाऊ शकते. माझा पहिला क्रोनोग्राफ मी वायरिंगच्या पीव्हीसी पाइपात बनवला होता. ५० मिलीमीटरवर खुणा करून हातातल्या ड्रिलनं भोकं पाडली. पाइप गोल, त्यामुळे ड्रिल सरकलं. मला ते दिसलं नाही. एक अख्खा हंगाम मी त्याच्यावर मार्कर लावून दिले. पाचही गोळ्यांचे आकडे इतके जवळजवळ यायचे की शंका घ्यायला जागाच नव्हती. पुढे शेजारच्या लेथवाल्या मित्राकडे व्हर्निअर (बारीक अंतर मोजायची पट्टी) मागून भोकांमधलं अंतर मोजलं. ५१.३ निघालं. म्हणजे मी २८० म्हणून दिलेला प्रत्येक मार्कर २८७ ला चालत होता. मशीन पुन्हा पुन्हा तोच आकडा दाखवतं याचा अर्थ तो आकडा बरोबर आहे असा होत नाही, हे त्या दिवशी पक्कं बसलं. ज्यांना ते मार्कर दिले होते त्या सगळ्यांना मी परत बोलावून घेतलं.

तेव्हापासून सेन्सरवाला कोणताही क्रोनोग्राफ असो, बनवलेला किंवा विकत घेतलेला, मी आधी बेरिंगच्या गोळ्यानं तपासतो. आपल्याकडे बेरिंगच्या दुकानात ११/१६ इंचाचा स्टीलचा गोळा सुटा मिळतो. तो १७.४६ मिलीमीटरचा असतो, म्हणजे पेंटबॉलच्याच मापाचा. नळी ओळंब्यानं उभी धरून शिकंज्यात आवळा. गोळ्याचा खालचा काठ वरच्या सेन्सरपासून बरोबर एक मीटर वर येईल असा धरा आणि अलगद सोडा. चिमटीतून सोडताना ढकलला जातो, म्हणून मी तो छोट्या चुंबकाला कागद लावून लटकवतो आणि चुंबक वर ओढून घेतो. सेन्सर १०० मिलीमीटरवर असतील तर घड्याळात २२.१ मिलीसेकंद आले पाहिजेत. वेळ न दाखवता थेट वेग दाखवणारं मशीन असेल तर सुमारे १४.९ एफपीएस. बरीच तयार मशिनं एवढा कमी वेग वाचतच नाहीत, मग व्हर्निअर आणि दुसरं मशीन हाच आधार. पण वाचलाच, तर पृथ्वीच्या ओढीपेक्षा भरवशाचं माप तुम्हाला कुठेही फुकट मिळणार नाही. दहा वेळा सोडा. सगळे आकडे एकाच बाजूला एक टक्क्यानं हटलेले असतील तर अंतरात एक मिलीमीटरचा घोळ आहे.

लंबकाबद्दलही बरेच जण विचारतात. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२ मध्ये लटकवलेल्या ठोकळ्यात गोळी मारून, ठोकळा किती झुलला त्यावरून वेग काढायची रीत मांडली, आणि ती पुढे कितीतरी वर्षं वापरात होती. पेंटबॉलला ती चालत नाही. गोळी फुटते, रंग मागे उडतो आणि ठोकळ्याला जास्तीचा धक्का बसतो. ठोकळ्यात रुतून बसणाऱ्या शिशाच्या गोळीसाठी ती रीत चांगली.

शिशावरून आठवलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या इथल्या नेमबाजांमुळे कोल्हापुरात नेमबाजी समजणारी माणसं गल्लीगल्लीत आहेत, आणि पेंटबॉलचा क्रोनो करायला, म्हणजे वेग मोजून बघायला, मदतीला तीच येतात. एअर रायफलचा ४.५ मिलीमीटरचा पेलेट अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, धातूचा, एकसारख्या मापाचा. चांगल्या रायफलचे लागोपाठचे आकडे अगदी जवळजवळ बसतात. त्या सवयीनं ते पेंटबॉलमध्ये दहाचा फरक बघून मशीन बिघडलं म्हणतात. मशीन बिघडलेलं नसतं. जिलेटिनच्या पापुद्र्यात भरलेला रंग आहे तो. पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून गोळी फुगते, मऊ पडते, कधी अंड्यासारखी होते. बॅरलमध्ये घट्ट बसणारी गोळी आणि सैल जाणारी गोळी, दोन्हींमागचा वायू सारखा काम करत नाही. सैल गोळीच्या बाजूनं वायू निसटतो. मार्करमधून काढलेल्या बॅरलमध्ये मागून गोळी टाकून बघा. ती आपोआप घरंगळून बाहेर पडू नये आणि हलक्या फुंकरीनं सुटावी, तेव्हा माप जुळलं. पुड्यातला माल बदलला की क्रोनो पुन्हा करायचा, भले सकाळीच केलेला असो.

आता दुपारच्या ३०१ कडे येतो. याची दोन कारणं संभवतात.

पहिलं कारण ऊन. तळपतं ऊन नळीत शिरलं की त्यातल्या इन्फ्रारेडनं सेन्सर आधीच भरून जातो. मग गोळीची सावली त्याला उशिरा कळते किंवा कळतच नाही. कधी आकडा येत नाही, कधी भलताच येतो. बंद हॉलमध्ये ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीचा उजेड सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्यानंही काही मशिनं फसतात. सीओटूचा पांढरा धूर आणि फुटलेल्या गोळीचे तुकडे यांचाही उपद्रव असतो. मध्येच एखादा आकडा ४०० च्या वर आला तर बहुतेक वेळा सेन्सरसमोरून तुकडा आधी गेलेला असतो. नळी पुसा, बॅरल स्क्वीजीनं (आतून पुसायच्या काडीनं) साफ करा आणि पुन्हा मोजा.

दुसरं कारण सीओटू, आणि माझा कल याच्याकडे जास्त आहे. टाकीत द्रवरूप सीओटू असतो तोवर आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. २० अंशांना साधारण ५७ बार, ३० अंशांना ७२ बार. ३१ अंशांच्या पुढे तर द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही, आणि टाकी भरगच्च असेल तर दाब झपाट्यानं चढतो. आपल्याकडे ऑक्टोबरात सकाळी आठला अंगात स्वेटर नसला तरी हवा गार असते आणि दुपारी पत्रा चटके देतो. सकाळी २८२ ला लावलेला, रेग्युलेटर नसलेला मार्कर दुपारी ३०१ ला जाणं अगदी साधी गोष्ट आहे. उलटही होतं: पोरांनी धडाधड गोळ्या मारल्या की टाकी गार पडते, बाहेरून दव धरते आणि वेग घसरतो. ती थांबली, टाकी पुन्हा तापली की पुढची पहिली गोळी जोरात. मार्कर पालथा-तिरपा धरून द्रव आत गेला तर त्याहून जोरात.

या दोहोंतलं कोणतं, ते ओळखायला तुमची दोन मशिनं हाच उपाय आहे. ऊन रडारला फसवू शकत नाही. दुपारी रडारवरही मोजा. सकाळी दोघांत चौदाचा फरक होता. दुपारी बॅरलवर ३०१ असताना रडार २८६-२८७ दाखवत असेल तर मार्कर खरंच वाढलाय. रडार २६८ लाच बसून असेल तर उन्हानं सेन्सरला फसवलंय, नळीवर काळा पुठ्ठा गुंडाळा. म्हणून म्हटलं की कोणतंच मशीन फेकू नका. दोघांच्या खोडी वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाची खोड दुसऱ्यावर पकडता येते.

पहिल्या गोळीचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. ओ-रिंग (आतल्या रबरी कड्या) कोरड्या असतील तर गोळी पुढे ढकलणारा बोल्ट थोडा चिकटून राहतो आणि विश्रांतीनंतरची पहिली गोळी मंद जाते. रेग्युलेटर आतून हळूहळू गळत असेल तर नेमकं उलट: मार्कर दोन मिनिटं पडून राहिला की दाब चढतो आणि पहिली गोळी सगळ्यात जोरात जाते. लागोपाठ पाच गोळ्या मारून मोजलं तर हे दिसतच नाही. आणि खेळात तर पोरगं आडोशाला दोन मिनिटं दबा धरून बसतं, मग समोर आलेल्यावर पहिली गोळी झाडतं. तीच गोळी आपण मोजलेली नसते.

मी स्वतः असं करतो. टाकी लावून मार्कर दहा मिनिटं मैदानातल्याच हवेत ठेवतो. क्रोनोची जागा सावलीत, पुढे वाळूच्या पोत्यांची भिंत. दोन गोळ्या न मोजता मारून पुढच्या सहा मोजतो. मग दोन मिनिटं थांबून एक मोजतो, आणि हे दोनदा. या आठांतला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहितो, मार्करच्या नंबरासमोर, वेळेसह. तो २७० च्या वर असेल तर ॲलन कीनं कमी करतो, पुन्हा सगळं पहिल्यापासून. खेळाची प्रचलित मर्यादा ३०० ची आहे, पण नवशिक्यांच्या मैदानावर तीस एफपीएसची जागा मी मुद्दाम मोकळी ठेवतो: थोडी मशीनच्या चुकीसाठी, थोडी कोनासाठी, बरीचशी दुपारच्या उन्हासाठी. सीओटू असेल तर अकराला आणि दोनला पुन्हा क्रोनो. रडार बॅरलच्या अगदी खाली, बॅरलला समांतर धरायचं, आणि शेजारी दुसरा कुणी मार्कर चालवत नाही हे बघायचं, नाहीतर ते त्याची गोळी वाचतं. पैसे जमले की हायप्रेशर एअरच्या टाक्या घ्या. त्यांना स्वतःचा रेग्युलेटर असतो आणि उन्हाचा हा चढउतार बहुतेक संपतो.

आणि क्रोनो करताना डोळ्यावर मास्क. खेळताना सगळे घालतात, मोजताना कपाळावर सरकवतात. बॅरलवरची नळी वाकडी बसली तर गोळी तिच्या कडेला आपटून कुठेही उडते. साधा गॉगल चालत नाही, पेंटबॉलसाठीच्या एएसटीएम एफ-१७७६ मानकाचा मास्कच हवा. मोजून झालं की बॅरलला सॉक, म्हणजे तोंडावर चढवायची कापडी पिशवी.

त्या पोराच्या दंडाबद्दल. २८२ वरून ३०१ म्हणजे वेग सात टक्क्यांनी वाढला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून मार जवळजवळ चौदा टक्क्यांनी वाढला. तरी मी आधी अंतर विचारेन. दहा मीटरवर पोचेपर्यंत गोळीत सुरुवातीच्या दोन तृतीयांशच ऊर्जा उरते. तीन मीटरवरून बसली तर ८८ टक्के. मऊ पडलेली गोळी अंगावर फुटली नाही, नुसती आपटून उडाली, तरी वळ मोठा येतो. तेव्हा किती अंतरावरून बसली आणि फुटली का, हे त्या पोराला फोन करून विचारा, जखम कशी आहे तेही विचारा.

शनिवारी मैदान उघडायच्या आधी दहाही मार्करचे सकाळी आठ आणि दुपारी दोनचे आकडे दोन्ही मशिनांवर घ्या आणि सेन्सरमधलं अंतर व्हर्निअरनं मोजून इथे टाका. मार्करला रेग्युलेटर आहे का तेही लिहा. एखादा आकडा २८० च्या वर दिसला तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, तो मार्कर लगेच बाजूला ठेवा.